आंबट पाण्याचं नाव

"व्हिगऽम… व्हिगऽम…"

चढावर घोडी दमली की निनियनदादा असा गुणगुणायचा. घोडी पाय उचलायची, आणि दोघं धुक्यात विरघळून जायची. तो आवाज ग्रिझेलला अजून ऐकू येई. शिपायांनी घरातून ओढून नेऊन दादाला मारलं, त्याला चाळीस वर्षं झाली होती. गॅलोवेच्या माळावर जांभळी हेदर फुलत होती, झडत होती, आणि त्याच घरात नणंद-भावजय चीज करत केस पिकवत आल्या होत्या.

सकाळी फेरीवाला क्विंटिन दारात टेकला. मेरियनवहिनीनं त्याला वाडगाभर व्हिग दिलं. साय विरजली की तळाशी सुटतं ते आंबट पाणी.

"मावशी, लंडनचे लॉर्ड आता स्वतःला हेच म्हणवतात," तो तोंड वाकडं करत म्हणाला. "व्हिग म्हणे. पायात रेशमी मोजे घालून."

"आंबले असतील," मेरियन म्हणाली.

क्विंटिन हसला, मग वाडगा खाली ठेवला. "निरोप आणलाय. तुमचा जुना शेजारी गिल्बर्ट अंथरुणाला खिळलाय, उद्या बघेलसं वाटत नाही. म्हणतो, मेरियननं एकदा हातात हात द्यावा."

"शिपायांना माझं घर दाखवलं, तो हात?"

"मी नाही, म्हणतो."

"चाळीस वर्षं तेच म्हणतोय. सांग, देवाच्या दारात भेटू."

क्विंटिननं गाठोडं खांद्यावर घेतलं आणि तो उतरणीला लागला. चोथा दाबता दाबता ग्रिझेलचे हात थांबले.

राजाचं चर्च नाकारून माळावर प्रार्थना करणारे दादासारखे लोक स्वतःला डोंगरची माणसं म्हणवत. देवाच्या शब्दापुढे जीव हलका मानत. 'व्हिग' ही त्यांना राजाच्या माणसांनी दिलेली शिवी. घोडी हाकायच्या हाळीवरून पडली, असं कुणी सांगे. घरात ती शिवी कुणी तोंडात आणत नसे. तिथं व्हिग म्हणजे नुसतं ते पाणी.

"क्विंटिन, थांब रे जरा," ग्रिझेलनं दारातून हाक मारली. मग आत वळली. "वहिनी, तू जा त्याच्याकडे."

"तुला कसला त्याचा पुळका?"

"त्यानं नाही दाखवलं घर."

बाहेर क्विंटिन धुक्यात अर्धा दिसत उभा होता.

"तू झऱ्यावर गेली होतीस," ग्रिझेल म्हणाली. "मी सहा वर्षांची. शिपाई वाकून गोड बोलला, बाळ, घरात व्हिग आहे का? मला वाटलं, तहानलाय. म्हटलं, आहे की, दुधाच्या खोलीत, मोठ्या पिंपात. वहिनी, दादा त्या पिंपामागे होता."