मोजायची राहिलेली

थोरल्या जावेने वॉर्डातलं औषधांचं कपाट बंद केलं, किल्ली कमरेला खोचली आणि कपाटालाच पाठ लावून उभी राहिली.

"पुन्हा बोल. काय करणार आहेस?"

"सांगणार आहे. आधी मेट्रनना, मग त्या आजोबांच्या बायकोला."

"आणि मग?"

धाकटीच्या हातातला ट्रे कोरडा झाला होता, तरी ती पुसत राहिली.

परवा दुपारी आठ नंबरच्या खाटेचं इंजेक्शन तिने सात नंबरच्या म्हाताऱ्याला दिलं. अर्ध्या तासात तो गेला. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं लिहिलं. वय बघता कुणालाच नवल वाटलं नाही. नियम असा, की जहाल औषध टोचण्याआधी दुसऱ्या सिस्टरने बाटलीवरचं नाव मोठ्याने वाचायचं आणि वहीत सही करायची. पण चाळीस खाटा आणि सिस्टर दोघी. तेव्हा सकाळी आल्या आल्या एकमेकींच्या पानभर सह्या ठोकून मोकळं व्हायचं, ही वॉर्डातली जुनी रीत. परवाच्या पानावर दुसरी सही जावेची होती.

"तुझी नोकरी गेली तर भाऊजी आहेत कमावते. माझ्यामागे कोण? दोन पोरी आणि चार भिंती. तू बाप्तिस्मा घेतलास, घरातलं कुणी तुझ्याशी बोलेना, तेव्हा तुझ्याजवळ येऊन जेवायला बसलं कोण?"

"तुम्हीच, जाऊबाई."

"मग तुझ्या देवाला बळी हवा असेल तर स्वतःचा दे ना, बाई. माझी मान कशाला पुढे करतेस?"

"मी सांगेन, तुमची सही मीच केली म्हणून."

"वा! खरं बोलायला निघालीस आणि बोहनी खोट्याने?"

यावर दोघींनाही हसू आलं असतं, एरवी.

बाप्तिस्म्याआधी पाळकांनी विचारलं होतं, किंमत मोजलीस का? तिने लगेच मान हलवली होती. तेव्हा तिला सासूचे टोमणे आणि बंद झालेली चार दारं एवढंच दिसत होतं. आता दोन दिवस ती उपाशी होती. प्रार्थनेला बसली की आमेनपर्यंत पोचतच नव्हती. बोटांवर मोजायची: नोकरी, पोलीस, नवऱ्याचा चेहरा, जाऊबाई, त्यांच्या पोरींची शाळा. मग मूठ मिटून घ्यायची.

मेट्रननी ऐकलं, दार लोटून घेतलं आणि कोरा कागद पुढे सरकवला. "लेखी दे. आणि तिलाही पाठव." तिने निरोप दिला तेव्हा जाऊ एका मुलीचा ताप बघत होती. तिने मान वर केली नाही.

म्हाताऱ्याची बायको घरी पलंगावर बसून त्याच्या सदऱ्यांच्या घड्या घालत होती.

"या सिस्टर. आलेल्या प्रत्येकाला तुमचंच सांगते. शेवटी तुम्ही जवळ होतात. काही त्रास न होता गेले. वेळ आली होती, देवाने नेलं."

ती उंबऱ्यातच उभी राहिली आणि तिथूनच सगळं बोलली. खाटेचे नंबर, बाटली, सही. स्वतःचा आवाज तिला परका वाटत होता. थप्पड बसेल, शिव्याशाप मिळतील, इतकी तयारी तिने केली होती.

बाईने हातातल्या सदऱ्याची घडी पुरी केली.

"आज सकाळी मी पहिल्यांदा पोटभर जेवले," ती म्हणाली. "वेळ आली होती म्हणून. आता ती वेळ मी कुठे ठेवू?"

सिस्टरने एवढं सगळं मोजलं, त्यात ही बाई कुठेच नव्हती. माफी मागायचंही राहिलं. ती जायला वळली.

"कुठे निघालीस? सांगून मोकळी झालीस, आणि निघालीस?"

ती थांबली.

"त्रास झाला का त्यांना?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. मऊ, तयार शब्द जिभेवर येऊन बसला होता. तिने दाराची चौकट धरली.

"झाला."



"किती वेळ?" बाईने विचारलं, आणि सिस्टरला बसता यावं म्हणून थोडी सरकली.