न चुकणारी बँजो पार्टी

वाल्मिकच्या बँजो पार्टीचं कधी चुकत नाही, असं राहुरीपासून सुप्यापर्यंतची पोरं छातीठोकपणे सांगायची. पार्टी सराव करत नसे. वाल्मिकच्या मनात येईल तसं एका गाण्यातून दुसरं निघायचं आणि त्याचा मेव्हणा रामहरी ताशावर त्याच क्षणी ताल बदलायचा. लोक म्हणायचे, दैवी देणगी. दैवी कसली! वीस वर्षं स्पीकरला खेटून उभं राहिल्याने रामहरीचे कान गेले होते. गाणं बदलायच्या आधी वाल्मिक उजवा खांदा उचलायचा, तेवढ्यावर सगळं चालायचं. हे त्या दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं, वाल्मिकच्या बायकोलासुद्धा नाही.

"लोकांना कळलं तर मला कोन उभं करंल, दाजी?" रामहरी एकदा म्हणाला होता. "ताशाबिगर मला काय येतंय?"

त्याला ओठ वाचता यावेत म्हणून वाल्मिकने त्याच्याकडे तोंड करून सावकाश सांगितलं होतं, "मी हाय तवर तुला कोन काढतंय?"

यंदा देवळालीच्या जत्रेत भर दुपारी वाजवणं होतं. सुप्याच्या कंपन्यांतली पोरं सुट्ट्या टाकून आली होती. हल्ली ही मंडळी नाचायला कमी आणि चूक धरायला जास्त यायची. गेल्या वर्षीच्या व्हिडिओत वाजलं तसंच हुबेहूब हवं, शिवाय त्यात नवंही हवं. आता वाजवणाऱ्याने करावं तरी काय?

वाल्मिक रंगात आला. बोटांखाली एक अशी जागा सापडली की त्याचं त्यालाच भान उरलं नाही. तो थेट दुसऱ्या गाण्यात शिरला आणि खांदा उचलायचा राहून गेला. रामहरी जुन्याच तालावर वाजवत राहिला. नाचणाऱ्यांचे पाय अडखळले. वाल्मिकने बँजो थांबवला, तसा रामहरीही थांबला.

"दादा, हे ऐकायला आलो व्हय आमी?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. शिट्ट्या सुरू झाल्या. फॅन ग्रुप चालवणाऱ्या आसारामने माईक वाल्मिकच्या तोंडाशी धरला. "कोन चुकलं ते सांगून टाका, दादा. लोकांचा गैरसमज नको."

मी चुकलो. एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आलेही. पण समोर शंभरेक मोबाईल रोखलेले होते आणि हा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत गावोगाव फिरणार होता. वाल्मिकला भीती वाटली, अगदी लहान पोरासारखी.

"ताशावाल्याचं चुकलं," रामहरीकडे पाठ करून तो म्हणाला. "त्याला ऐकू येत न्हाई."

लोकांचा जीव भांड्यात पडला. त्यांचा वाल्मिकदादा चुकला नव्हता. टाळ्या पडल्या, कुणी ताशावाल्याची नक्कल करून कानाला हात लावला, हशा पिकला.

रामहरीला फक्त टाळ्या वाजवणारे हात दिसले. त्याने घाम पुसला, लोकांना वाकून नमस्कार केला आणि वाल्मिकजवळ येऊन विचारलं, "सावरलं न्हवं, दाजी?"

वाल्मिकने मान डोलावली. लोक हसत होते, म्हणून रामहरीही हसला.