आपांचं दुकान

औरंगपुऱ्यात, कपड्यांच्या मोठ्या दुकानांच्या मागच्या गल्लीत जोहराचं लोकरीचं दुकान होतं. लोकर, क्रोशाचा दोरा, भरतकामाच्या लड्या, सुया, रिंगा. दुकान मूळचं नवऱ्याचं, फारूखचं. तो अचानक गेला तेव्हा इद्दतीचे, म्हणजे विधवेनं घरात काढायचे चार महिने संपल्यावर दीर म्हणाले, "भाभी, तोवर तुम्हीच बसा." तोवर म्हणजे कधीपर्यंत ते कुणी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. पदरात लहान मुलगा होता. तो शिकला, पुण्याला नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं. जोहरा गल्ल्यामागं बसलेलीच राहिली.

विणकाम ती गिऱ्हाइकांसाठी शिकली होती. हातही चांगला बसला होता. पण लोकर तिला आवडत नव्हती. तिची बारीक तुसं घशात बसायची, उन्हाळ्यात ती छतापर्यंत रचलेली पुडकी नुसती बघूनच अंगाला घाम फुटायचा. घरी गेल्यावर ती आधी गुळण्या करायची आणि मग पाणी प्यायची. हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण दुकानात तिच्यासारखी बाई शोधून सापडली नसती. अर्धी लडी उरली तरी परत घ्यायची. कुणाचे टाके चुकले तर उसवून पुन्हा घालून द्यायची. कुणाच्या सुनेला दिवस गेल्याचं कळलं की मऊ पिवळी लोकर न सांगता बाजूला काढून ठेवायची. त्यामुळं बायका मोबाइलवर स्वस्त लोकर बघायच्या आणि घ्यायला मात्र तिच्याकडंच यायच्या. दुपारी दुकानापुढच्या बाकावर त्यांची बैठक बसायची.

त्यात रोजच्या म्हणजे रूपाताई साळवे. शाळेतून निवृत्त झालेल्या, घरी एकट्या. जोहराला त्या मनापासून आवडायच्या.

दिवाळीनंतर खुलताबादहून जोहराच्या धाकट्या बहिणीचा, नसीमचा फोन आला. तिच्याकडची अंगणाकडची खोली रिकामी झाली होती. "आपा, आता बस झालं. इथं हवा आहे, पेरूची झाडं आहेत. दुपारी झोप काढ जरा." जोहरानं फोन ठेवला आणि आपल्याला रडू का येतंय हे तिला समजेना. लग्नानंतर दुपारची झोप तिला आठवतच नव्हती. तिनं त्याच दिवशी ठरवलं. वर्ष संपलं की दुकान बंद.

बाकावरच्या बायकांना सांगताना मात्र खरं कारण ओठावर येईना. "मला हे कधीच आवडलं नाही," असं त्यांच्या तोंडावर कसं म्हणायचं? ती म्हणाली, "गुडघे लई दुखतात आता. दुकान बंद करावं म्हणते."

 दुसऱ्या दिवशी मेघा एक उंच, पाठीची खुर्ची घेऊन आली. ती क्रोशाची खेळणी करून विकायची, सगळा दोरा इथूनच न्यायची. "यावर बसा आपा. उठायचंच नाही. वरचं काय लागलं तर आम्ही काढून देऊ."

"अगं, नको इतकं," जोहरा म्हणाली. पण बायकांनी तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं.

मग तिनं धंदा होत नाही असं सांगून बघितलं. मेघानं दुकानाचा व्हिडिओ काढून नेटवर टाकला. आठवड्याभरात कॉलेजच्या पोरी यायला लागल्या. त्यांना क्रोशाच्या पिशव्या शिकायच्या होत्या आणि त्या आपांकडूनच शिकायच्या होत्या. पूर्वी दुपारी जरा तरी निवांतपणा असायचा, तोही गेला.

शेवटी जोहरा खोटं बोलली. "काकासाहेबांना जागा हवी आहे. मालकाचं मन, आपण काय करणार?"

"असं म्हणाले ते?" रूपाताईंनी चष्मा काढला. "बघते मी."

"नको, तुम्ही नका जाऊ," जोहरा घाईनं म्हणाली. रूपाताईंना तो तिचा भिडस्तपणा वाटला.

दोन दिवसांनी दुपारी, बाक भरलेला असताना, काकासाहेब स्वतः आले. भला माणूस, पण चेहरा पडलेला होता. "आपा, मी कधी म्हणालो जागा खाली करा? फारूखभाई असल्यापासूनचा आपला संबंध. या बाया घरी आल्या, माझ्या सुनेसमोर बोलल्या. काय राहिलं माझं?"

जोहराचे कान तापले. तिनं बाकाकडं बघितलं नाही. "माझ्याच ऐकण्यात चूक झाली, काकासाहेब. माफ करा."

"झालं ते झालं. मी कागदच करून आणलाय. पुढची पाच वर्षं जागा तुमची, भाडं तेच. आता तरी विश्वास ठेवा."

बाकावरून टाळ्या वाजल्या. कुणीतरी पेढे आणायला धावलं. काकासाहेबांनी पेन पुढं केलं. एवढा खोटा आळ त्यांच्यावर घातल्यावर आता नको कसं म्हणायचं, हेच जोहराच्या डोक्यात फिरत होतं.  तिनं सही केली. रूपाताईंनी तिला जवळ घेतलं, आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून जोहरा रडली. सगळ्यांना वाटलं, आनंदानं रडते.

त्या संध्याकाळी नसीमचा फोन आला. खोलीला चुना मारून झाला होता. "कधी येतेस?"

"बघते," जोहरा म्हणाली.

थंडी वाढली तशी गर्दीही वाढली. जोहराला स्वप्नात पुडकी अंगावर यायला लागली. दुकानाचं शटर उघडताना छातीत धडधडायचं. जानेवारीत एका दुपारी बाकावर फक्त रूपाताई होत्या. त्या मफलर विणत होत्या आणि सांगत होत्या, पाच वर्षांनी पुन्हा करार करून घेऊ, मी आहे ना.

"रूपाताई," जोहरा म्हणाली, "काकासाहेब तसं काही म्हणालेच नव्हते. मी खोटं बोलले."

रूपाताईंच्या सुया थांबल्या.

"गुडघ्यांचंही खोटंच. मला हे दुकान नको आहे. कधीच नको होतं. मला बसवलं तेव्हापासून मी बसलेय. तुम्ही सगळ्या आवडता म्हणून दिवस गेले. पण लोकर बघितली की मला श्वास पुरत नाय."

 गल्लीतून एक रिक्षा हॉर्न देत गेली.

"मग आधी सांगायचं ना," रूपाताई म्हणाल्या. आवाज दुखावलेला होता. "मी लोकांच्या दारात गेले तुमच्यासाठी."

"तुम्ही इतकं करत होतात. कुठल्या तोंडानं सांगू?"

रूपाताईंनी विणकाम पिशवीत भरलं आणि त्या निघून गेल्या. चार-पाच दिवस फिरकल्या नाहीत. जोहरा रोज बाकाकडं बघायची. इतर बायकांना तिनं काही सांगितलं नाही.

रूपाताई आल्या तेव्हा आल्या आल्या बसल्या नाहीत. उभ्यानंच म्हणाल्या, "मी घरी विचार केला. तुमच्यासाठी धावले असं मला वाटत होतं. खरं म्हणजे माझ्यासाठी धावले. हे बंद झालं तर दुपारी मी कुठं जाणार? घरात भिंती बघत बसायचं?" मग त्या गल्ल्याची फळी उचलून आत आल्या. "गुरुवार-शुक्रवार मी बसते. तुम्ही बहिणीकडं जा. करार केलाय, तो आता मोडवत नाही. मेघाला विचारलं दुकान घेतेस का. ती म्हणते, मला लोकर घ्यायला आवडते, विकायला नाही."

जोहराला हसू आलं. बऱ्याच महिन्यांनी आलं.

त्या गुरुवारी ती खुलताबादच्या एसटीत बसली. नसीमनं गरम भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं होतं. जेवण झाल्यावर चुन्याचा वास येणाऱ्या खोलीत जोहरा आडवी झाली. खिडकीतून पेरूचं झाड दिसत होतं. डोळे मिटत आले तोच फोन वाजला.

"आपा, मोरपंखी रंग कुठल्या खणात आहे?" रूपाताई विचारत होत्या. मागं पोरींचा गलका ऐकू येत होता.

"डावीकडं, वरून दुसरा. राखाडीच्या मागं बघा."

"सापडला. झोपा तुम्ही."

थोड्या वेळानं पुन्हा फोन आला. बारा नंबरची सुई संपली आहे का विचारायला. नंतर मेघाचा आला, एका गिऱ्हाइकाला फक्त आपांशीच बोलायचं होतं. जोहरा सगळ्यांशी नीट बोलली, त्या गिऱ्हाइकाशीही.

नसीम दारात उभी होती. "बंद करून ठेव तो फोन. एवढ्यासाठी आलीस का?"

"करते," जोहरा म्हणाली. पण तिनं तो बंद केला नाही. उशाशी ठेवला, कूस वळवली, आणि पुढचा फोन कधी येतो याची वाट बघत डोळे उघडे ठेवून पडून राहिली.