देवाची खोळ

भागूला पहिला झटका आला तो यल्लव्वा तिला न्हाऊ घालत असताना. अंगावर तांब्या ओतला आणि पोरीचे डोळे वर गेले, दातखीळ बसली, चार वर्षांचं ते अंग लाकडासारखं ताठ झालं. यल्लव्वानं तिला तशीच ओली उचलली आणि वठाराच्या टोकाला असलेल्या मारुतीकडे धाव घेतली.

वठार, म्हणजे ओळीनं खोल्यांची बैठी चाळ, दूरच्या कानडी शहरात बनशंकरीच्या वाटेवर, मोटारीच्या बॅटऱ्या करणाऱ्या कारखान्याच्या कुंपणाला लागून होतं. बिऱ्हाडं बहुतेक बेळगाव-निपाणीकडची. पुरुष कारखान्यात शिसं वितळवायचे आणि जाळीच्या पट्ट्यांत शेंदराचा लेप भरायचे. तोच शेंदूर रुमालाच्या गाठीत घरी यायचा आणि दर शनिवारी तेलात कालवून मारुतीला चढायचा. यल्लव्वाचा नवरा परसू लेप भरायच्या कामावर असल्यामुळे देवाचा शेंदूर त्यानंच आणायचा, असं ठरून गेलं होतं.

देवाची पूजाअर्चा अंबूबाईकडे. नवऱ्यामागे एकटी राहणारी, वठारात सगळ्यांत वडील. तिनं भागूच्या कपाळाला शेंदूर लावला आणि अंगाऱ्यात चिमूटभर मिसळून जिभेवरही ठेवला. थोड्या वेळानं पोर सैल पडली, रडू लागली. देव पावला, असं सगळ्या बाया म्हणाल्या.

पण भागूची महिनाभर चाललेली पोटदुखी काही हटेना. खाल्लेलं उलटून पडे. अंगारा आणि शेंदूर रोज सकाळी चालूच होता, आणि भागू दिवसेंदिवस पिठासारखी पांढरी पडत चालली होती. गावाकडच्या देवीचं काही राहिलंय का, कुणाची नजर लागली का, हे यल्लव्वा आठवून आठवून थकली. खेळता खेळता पोर जरा गप्प झाली की ही हातातलं काम टाकून धावायची.

त्याच सुमारास कारखान्यात सरकारी डॉक्टरीणबाई येऊ लागल्या. वसुमती त्यांचं नाव, बसवनगुडीतल्या जुन्या मराठी घरातल्या. त्या कामगारांचे ओठ वर करून हिरड्या बघत आणि बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेत. हिरडीवर निळी-काळी रेघ दिसली की घरी बसवतात, अशी आवई उठली होती. परसूनं राखुंडीनं हिरड्या रक्त येईतो घासल्या. रेघ गेली नाही.

यल्लव्वा जेवणाचा डबा घेऊन शेडच्या दाराशी पोचली तेव्हा त्याचीच पाळी चालू होती. घरात कुणी आजारी आहे का, असं बाईंनी विचारलं.

"न्हाई बाई," परसू म्हणाला. "समदी बरी हायत."

नवरा खोटं का बोलला ते तिला कळत होतं. काम गेलं तर या परमुलखात कुणाच्या दारात उभं राहायचं, ही भीती तिलाही होतीच. ती डबा ठेवून मुकाट्यानं घरी आली.

दुसऱ्या दिवशी भागूला पुन्हा झटका आला, आणि या वेळी तो लवकर सुटेना. सुटला तेव्हा पोर डोळे उघडे ठेवून आईकडे बघत होती, पण तिला ओळखत नव्हती. यल्लव्वानं तिला पदराखाली घेतलं आणि तडक कारखाना गाठला. रांगेतल्या पुरुषांना ओलांडून ती बाईंच्या टेबलाशी गेली. नवऱ्याकडे तिनं पाहिलंच नाही.

"ही माझी ल्येक. हिचाबी ओठ उचलून बघा."

बाईंनी बघितलं. तिच्याही हिरडीवर तीच रेघ होती. लगेच उठून त्या यल्लव्वाबरोबर वठारात आल्या. पोरगी काय खाते, कुठं खेळते, परसूचे कपडे कुठं धुतात, सगळं विचारत विचारत त्या मारुतीपाशी थांबल्या.

"अक्का, हा शेंदूर कुठला?"

कारखान्यातला माल घरी आणणं म्हणजे चोरीच होती.

"कारखान्यातला," ती म्हणाली. "रोज पोरीच्या जिभंवरबी ठेवतोय."

बाईंनी सांगितलं की हा शेंदूर म्हणजे शिसंच. तेच परसूच्या हिरड्यांवर दिसतंय, तेच त्याच्या कपड्यांतून घरात झडतंय, आणि भागूच्या अंगात तर भिनलंय. औषध म्हणून जे भरवलं, ते विष होतं.

भागूला त्याच दिवशी इस्पितळात ठेवलं, अंगातलं शिसं काढायच्या सुया सुरू झाल्या. ती गाढ झोपली की यल्लव्वा तिच्या नाकापुढं बोट धरून बसायची. पुष्कळ दिवसांनी पोरीनं आईला हाक मारली आणि पेज मागितली.

घरी आल्यावर देवाचा प्रश्न उभा राहिला. शेंदूर खरवडायला माणसं पाठवते, असं बाई म्हणाल्या होत्या, पण परक्या हाताला वठार तयार नव्हतं, आणि स्वतः हात लावायची कुणाची छाती नव्हती. यल्लव्वालाही वाटे, देवानं परत दिलेली पोर या अपराधासाठी तो पुन्हा नेईल.

इतके दिवस दार लावून बसलेली अंबूबाई एका सकाळी पाण्याची बादली घेऊन बाहेर आली.

"देव अंगावरची शेंदराची खोळ टाकतोय," ती म्हणाली. "माझ्या सासरच्या गावात टाकली व्हती. आपल्या देवाला आता ती जड झालीया. चल, दोघी मिळून काढू."

बाईंनी बजावल्याप्रमाणे त्यांनी नाकाला फडकं बांधलं आणि धूळ उडू नये म्हणून आधी देवाला भिजवलं. मग दोघी करवंटीनं शेंदूर खरवडू लागल्या. थरामागून थर निघाले. खाली काळ्या दगडात कोरलेलं लहानसं तोंड होतं, वठारात कुणीच कधी न पाहिलेलं. निघालेला सगळा चिखल बाईंनी दाखवलेल्या लांबच्या खड्ड्यात खोल पुरला.

"मीच भरवलं गं तिला," अंबूबाई म्हणाली आणि रडू लागली. तिच्या पाठीवर हात ठेवावा, एवढंही यल्लव्वाच्यानं झालं नाही.

कारखान्यात नळ बसले. कामाचे कपडे तिथंच सोडून, हातपाय धुऊन मगच बाहेर पडायचं, असा नियम झाला. परसूला घरी बसवलं नाही, पेट्या बांधायच्या कामाला लावलं. बायकोशी तो बरेच दिवस धड बोलला नाही. मग एकदा, जेवताना मान खाली घालून, तू गेलीस ते बरं केलंस, एवढंच म्हणाला.

पुढच्या तपासणीला वठारातल्या बाया आपण होऊन पोरं घेऊन आल्या. भागू पुन्हा चालू लागली होती, पण पूर्वी घडाघडा बोलणारी पोर आता शब्दापाशी अडायची. तिचं रक्त काचेवर घेतलं. आठवड्यानं बाईंनी यल्लव्वाला बोलावून घेतलं.

"कमी होतंय, अक्का. पण अजून आहे. स्वल्प वेळ लागेल."

बोलणं पहिल्यासारखं होईल का, असं यल्लव्वानं विचारलं. बाईंनी खोटा धीर दिला नाही. ठाऊक नाही म्हणाल्या. यल्लव्वानं भागूला कडेवर घेतलं आणि ती घराकडे निघाली. वाटेत एक गाय दिसली. भागूनं बोट केलं, ओठ हलवले. यल्लव्वा तिथंच उभी राहिली, पोरीला शब्द सापडेपर्यंत.