निळ्या कोटाची तुरपाई

सुनेचं बाकी सगळं चालवून घेता आलं असतं, पण न विचारता वस्तूंना हात लावायची तिची खोड सासूबाईंच्या डोक्यात जायची. आज तर हद्दच झाली. सासूबाई आंघोळीला काय गेल्या, बाईसाहेबांनी शिलाईच्या कोपऱ्यातला जुना पिवळा बल्ब उतरवून तिथे एलईडी चढवला.

तेव्हापासून सासूबाईंचं तोंड चालू होतं. पिवळ्या उजेडात घर कसं घरासारखं दिसायचं, थंडीत डोक्याला शेक मिळायचा. हा मेला दवाखान्यातला उजेड, धडधाकट माणूसही आजारी दिसतो. सून म्हणाली, हा वीज कमी खातो आणि टिकतोही जास्त. सासूबाई म्हणाल्या, खाण्यावरून माझ्या बल्बला बोलू नकोस, तुझ्या नवऱ्याला बोल.

बडबडतच त्यांनी लाँड्रीतून दुरुस्तीला आलेला कोट मांडीवर ओढला. तुरपाई काल संध्याकाळीच झाली होती, बटणं तेवढी राहिली होती. कोट गडद निळा होता आणि त्यावर त्यांच्याच हातचे टाके काळेकुट्ट, मुंग्यांची रांग लागावी तसे.

पिवळ्या उजेडात काळा दोरा त्यांना निळाच दिसला होता. लाँड्रीवाला त्यांचं काम न उलगडता पुढे द्यायचा. असा एक कोट गिऱ्हाइकाने त्याच्या तोंडावर फेकला असता, तर इतक्या वर्षांचं नाव मातीत गेलं असतं. मग आजवर तक्रार कशी आली नाही?

खुंटीवर परवाचा तयार कोट होता, तोही निळाच. त्यांनी तो दिव्याखाली धरला. दोरा अगदी कापडाच्या रंगाचा होता, पण टाके उलट्या बाजूला झुकलेले. घरात डावखुरी एकच होती, आणि सकाळी कोट पोचवायला जायचीही तीच.

त्यांनी सुनेला हाक मारली. ती ओले हात पुसत आली, दोन्ही कोट पाहिले आणि मान खाली घातली. हळूच म्हणाली, तुमच्या हाताचा दोष नाही, त्या उजेडात मलाही फरक कळत नव्हता. खिडकीशी नेल्यावर कळायचा.

सासूबाईंनी घसा खाकरला.

"न विचारता हात लावलास, हे काही मी विसरायची नाही. पण दुसरी असती तर चार घरांत सांगून हसली असती. तू गुपचूप उसवत बसलीस आणि माझं नाव राखलंस. पोटच्या पोरीनेही इतकं केलं नसतं. दिवा राहू दे तिथेच. आता बस इथे, हा कोट दोघी मिळून उसवू."