पडद्यावरचा चहा

चष्म्याचं दुकान चालवणारे एक गृहस्थ चर्चच्या बैठकीत उभे राहिले आणि म्हणाले, हल्लीच्या पिक्चरांमुळे आपल्या माणसांची श्रद्धा पातळ होत चाललीय, कुणीतरी यावर नीट लिहायला हवं. फादर वयाने तरुण असले तरी बैठका चालवण्यात मुरलेले होते. ते म्हणाले, "मग तुम्हीच लिहा ना!" झालं. चर्चच्या पाक्षिक पत्रिकेत शेवटच्या पानावर 'पिक्चर आणि आपण' हे सदर सुरू झालं.

चष्मेवाले, त्यांना सगळे याच नावाने हाक मारत, हाती घेतलेलं काम मन लावून करायचे. गाजलेला प्रत्येक पिक्चर ते पाहायचे. खलनायकाला पश्चात्ताप होतो का, आणि झालाच तर मनापासून होतो की गोळी लागल्यामुळे? नायक सूड घेतो तेव्हा टाळ्या कुणाला पडतात? फादर दाखवलेत तर ते मध्यंतरापर्यंत जिवंत राहतात का? एकदा त्यांनी लिहिलं, "या चित्रपटातले फादर पापस्वीकारात विश्वासाने कानावर घातलेली गोष्ट पुढच्याच प्रसंगात पोलिसांना सांगून मोकळे होतात. असे फादर आम्ही पाहिलेले नाहीत आणि पाहण्याची इच्छाही नाही." फादरांनी ते वाक्य कापून टेबलाच्या काचेखाली ठेवलं.

अडचण एकच होती. जे पाहू नये ते पाहायचं नाही, असा चष्मेवाल्यांचा नियम. पडद्यावर नायक-नायिका जरा जवळ सरकले, की ते चष्मा काढून खिशात ठेवत आणि डोळे गच्च मिटून घेत. शेजारी बायको बसलेली असे. दबक्या आवाजात ते तिला विचारत, "काय चाललंय?"

बायको हॉस्पिटलात चौकशीच्या खिडकीवर होती. घाबरलेल्या नातेवाइकांना काय सांगायचं, किती सांगायचं आणि कुठल्या सुरात सांगायचं, यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती शांतपणे म्हणायची, "चहा पिताहेत."

"अजून?"

"दुसरा कप."

चष्मेवाल्यांचा बायकोवर पूर्ण विश्वास. घरी जाऊन ते लिहीत, "नायक-नायिका लग्नाआधी वारंवार एकत्र चहा पितात आणि तोही बराच वेळ. यात पाप नाही, पण कथेचा वेग मंदावतो." एका पिक्चरबद्दल तर त्यांनी काळजीच व्यक्त केली, "पावसात भिजत चहा पिण्याचं कारण समजत नाही."

गायनवृंदातल्या पोरींना ते कारण पहिल्याच आठवड्यात समजलं. पत्रिका आली की सगळ्या शेवटचं पान आधी उघडत आणि कप मोजत. चार कपांच्या पिक्चरला थिएटरबाहेर अर्धा गायनवृंद भेटायचा. प्रकरण इतकं वाढलं, की एका रविवारी चर्चमधल्या मिस्सेच्या प्रार्थनेनंतर एका भाबड्या आजोबांनी ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंना "चहा घेणार का?" असं विचारलं आणि मागच्या तीन रांगा हसून लोळायच्या बाकी राहिल्या.

फादरांना काही कळेना. त्यांनी चष्मेवाल्यांना गाठलं.

"तुमच्या लेखातल्या चहाचा काय प्रकार आहे?"

"तेच म्हणतो मी! अति होतंय."

"पुढच्या पिक्चरला मी येतो तुमच्याबरोबर," फादर म्हणाले.

नेमकी त्या शनिवारी बायकोची ड्यूटी बदलली. दुपारच्या खेळाला चष्मेवाले आणि फादर दोघेच शेजारी शेजारी बसले. पिक्चर दरोड्याचा होता आणि जोरात चालला होता. तिजोरी फुटली, गाड्या उलटल्या, फादरांचे मक्याचे दाणे मध्यंतराआधीच संपले. मग पळत असलेला दरोडेखोर एका घराचं दार वाजवतो. दार उघडतं, आत त्याची बायको. दोघं एकमेकांकडे बघतात.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, डोळे मिटले.

"फादर, काय चाललंय?"

फादर खुर्चीत सावरून बसले.

"चहा पिताहेत का?"

फादरांची पंचाईत झाली. खोटं बोलायची सोय नव्हती आणि खरं बोलायला जीभ रेटत नव्हती.

"नाही," ते कसंबसं म्हणाले. "पण ते नवरा-बायको आहेत."

"लग्न कधी झालं?"

"सुरुवातीलाच, चर्चमध्ये. त्याने तिच्या चेहऱ्यावरची जाळी उचलली तेव्हा तुम्ही डोळे मिटलेत."

"बरं. मग चहा कधी पितात?"

"चष्मेवाले, या अख्ख्या पिक्चरमध्ये चहा नाहीये."

मागच्या रांगेतून एक बाईमाणूस वैतागून म्हणालं, "अहो फादर, त्यांना डोळे उघडायला सांगा आणि आम्हाला ऐकू द्या!"

चष्मेवाल्यांनी डोळे उघडले. समोर नुसता धूसर उजेड. चाचपत चष्मा चढवला. पडद्यावर तो दांडगा दरोडेखोर बायकोच्या पायाशी बसून, डोकं तिच्या मांडीवर ठेवून, एकेक गुन्हा सांगत होता. कुणाला मारलं, कुणाला फसवलं, तिच्याशी काय काय खोटं बोलला. ती "जाऊ दे" म्हणाली नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घेतलेलं परत करून ये. मी दार उघडं ठेवते." मग ती वाकली आणि त्याच्या कपाळावर ओठ टेकले.

चष्मेवाल्यांनी नजर हटवली नाही. खरा पश्चात्ताप ते इतके दिवस पिक्चरा-पिक्चरांतून हुडकत होते. हा समोर बसला होता आणि ते डोळे मिटून चहाची चौकशी करत होते! शेजारी फादर खिशात रुमाल शोधत होते.

चष्मेवाले घरी आले तेव्हा बायको नुकतीच ड्यूटीवरून येऊन पाय वर घेऊन बसली होती.

"अगं, तो चहा कुठला होता?"

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि इतकी हसली, की डोळे पुसावे लागले.

"खरं सांगितलं असतं तर तुम्ही उठून बाहेर गेला असता. मला शेवट बघायचा असायचा हो."

"पण इतके कप?"

आता ती हसायची थांबली. "डोळे मिटले की तुम्ही माझा हात धरता. घट्ट. एरवी कधी धरलात? मग मी संपलं तरी अजून चालू आहे म्हणून सांगायचे."

चष्मेवाले चष्मा पुसायला लागले. तो आधीच स्वच्छ होता.

"एकदा तर पुढे नुसतं रेल्वेचं फाटक होतं," ती म्हणाली. "तुम्ही पाच मिनिटं धरून बसलात."

पुढच्या अंकात खुलासा आला, "मागील अंकांतील चहा वाचकांनी योग्य तो समजून घ्यावा." गायनवृंदाने तो पाठ केला. त्याखाली बायकोबरोबर पुन्हा पाहिलेल्या दरोड्याच्या पिक्चरची भरभरून स्तुती होती आणि परीक्षणाखाली पहिल्यांदाच नवरा-बायको दोघांची नावं होती.

दोघांनी मिळून लिहायचं हे ठरवायला सोपं होतं. नंतरच्याच पिक्चरला ठिणगी पडली. त्यातला मुलगा आजारी पडतो, मरणाला घाबरतो आणि बापाचे पाय धरतो.

"हा भीतीपोटीचा पश्चात्ताप. अपुरा," चष्मेवाले थिएटरच्या पायऱ्यांवरच म्हणाले.

"अपुरा म्हणजे चालत नाही का?"

"चालतो. पण कच्चा."

"आमच्या हॉस्पिटलात सगळे कच्चेच येतात. देव काय त्यांना उद्या या म्हणतो?"

"मी असं म्हटलं का?"

"तोंडावरून तसंच वाटलं."

वाद घालता घालता त्यांची बस डोळ्यांदेखत निघून गेली. चालत चालत ते चर्चपर्यंत आले आणि निकाल लावून घ्यायला फादरांची बेल वाजवली. फादर सपाता घालून दारात आले. दोघं एकदमच बोलायला लागले. फादरांनी दोन्ही हात वर केले.

"दोन्ही मतं छापू. भांडणासकट. पण आधी एक सांगा, पिक्चर कसा आहे? मंगळवारी माझी दुपार मोकळी आहे."

"पहिला अर्धा तास चुकला तरी चालेल," चष्मेवाले म्हणाले.

"अजिबात चुकवू नका," बायको म्हणाली.