टाकीची झाळ

लोणावळ्याच्या एका स्टोव्ह कारखान्यात माधवराव तपासणीचं काम बघत. पासष्ट साली झाळीत लागणारं कथील महागलं आणि मालक बाजीरावांनी रॉकेलच्या टाकीचे सांधे जोडायला नवी, स्वस्त झाळ वापरायचं ठरवलं. ती घरात वर्षानुवर्षं टिकेल का, हे माधवरावांनी सांगायचं होतं. मुदत दिवाळीपर्यंत, रॉकेल रेशनचं आणि तपासायला स्टोव्ह चारच.

घरात स्टोव्ह सकाळ-संध्याकाळ तापतो आणि निवतो. माधवरावांनी तो तापला की पाण्यात बुडवून लगेच पुन्हा पेटवायला घेतला. वर्षांचा वापर आठवड्यांत उरकणार होता. दसऱ्याच्या सुमारास एक सांधा पाझरला.

कुठली बाई तापलेला स्टोव्ह पाण्यात बुडवते, असं बाजीरावांनी विचारलं. सांधा झाळीमुळे गेला की आपल्या घाईमुळे, हे माधवरावांनाच ठाऊक नव्हतं. त्यांनी मुदत वाढवून मागितली. बाजीरावांनी पहिला माल कामशेतच्या दुकानात धाडला आणि झाडलोट करणाऱ्या भागूबाईला एक स्टोव्ह वापरायला द्या म्हणाले, आपोआप कळेल.

माधवरावांनी ते मानलं नाही. तो कोरा स्टोव्ह त्यांनी स्वतःच्या घरी आणला. सगळं ऐकून त्यांची पत्नी इंदिरा शांतपणे म्हणाली, "भागूबाईंच्या घरी नको, मग माझ्या स्वयंपाकघरात कसा चालतो?"

ते खजील झाले. स्टोव्ह परसात नेऊन स्वतःच पेटवू लागले. या वेळी पाणी नाही. आपोआप निवू द्यायचा. दिवाळी गेली, थंडी पडली, आणि एका सकाळी सांधा पहिल्यासारखाच त्याच जागी सुटला. भडका उडाला, माधवरावांचं मनगट भाजलं.

पट्टी बांधलेला हात बघून बाजीरावांनी वाद घातला नाही. झाळ बंद केली आणि माल परत आणायला सांगितलं. पण कामशेतला बरेच स्टोव्ह विकले गेले होते. दुकानदाराला गिऱ्हाइकांपैकी कान्हे गावची सावित्राबाई तेवढी आठवली.

माधवराव बदली स्टोव्ह घेऊन तिच्या दारात गेले. ती चहा ठेवायला उठली.

"मावशी, तो पेटवू नका. त्याचा सांधा सुटतो."

"लय चांगला चालतोय की, भाऊ," ती म्हणाली. मग त्यांच्या मनगटाकडं बघून तिनं स्टोव्ह उचलून दिला. "आन् बाकीच्यांच्या घरी?"

माधवराव गावात दारोदार विचारत फिरले. संध्याकाळपर्यंत आणखी एक सापडला. उरलेले कुठं पेटत होते, ते कुणालाच सांगता आलं नाही.